मातीतला म्हातारा

"याचा शेवट कुठाय?" गुनवूरने चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

आल्वार रुंदक्विस्त उकडलेल्या अंड्याचं डोकं चमच्याने उडवत होता. रविवारची सकाळ होती. चर्चमधून येताना दोघांनी गावपत्रिकेचा जूनचा अंक आणला होता आणि त्याची बायको गुनवूर तो नेहमीप्रमाणे मागच्या पानावरच्या निधनवार्तांपासून पुढे वाचत आली होती.

"कशाचा शेवट?"

"तुझ्या लेखाचा. मधेच तुटलाय."

आल्वारने अंक तिच्या हातातून ओढूनच घेतला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, तो या सायक्लोस्टाइल पत्रिकेत 'शब्दांची कुळकथा' नावाचं सदर चालवत होता. एक जोडशब्द घ्यायचा, त्याचे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचे आजे-पणजे हुडकून काढायचे. लेरहुल्ट गावात ते कोणी वाचतं, असा पुरावा त्याला आजवर मिळालेला नव्हता. या खेपेला मिडसमरचा, ऐन उन्हाळ्यातला सण तोंडावर आला म्हणून त्याने स्ट्रॉबेरीचा शब्द घेतला होता: यूर्दगुब्बे. 'यूर्द' म्हणजे माती, 'गुब्बे' म्हणजे म्हातारा. वाचकाला आधी थोडं घाबरवायचं आणि मग हसवायचं, असा बेत होता. पहिल्या अर्ध्यात गूढ. दुसऱ्या अर्ध्यात उलगडा, की बाबांनो, इथला गुब्बे म्हातारा नव्हेच. जुन्या बोलीत लहानशा गोळ्याला, ढेकळाला गुब्बे म्हणत. मातीलगत लागणारा गोळा, एवढाच काय तो अर्थ.

छापलेला लेख पहिल्या अर्ध्यावरच थांबला होता. शेवटच्या ओळी अशा होत्या: 'एवढ्या गोड फळाला आपल्या पूर्वजांनी मातीतला म्हातारा का म्हटलं असेल? वाफ्यावर वाकून फळ तोडताना त्यांना खाली काय दिसलं होतं? तो म्हातारा कोण? आणि तो अजून तिथंच आहे का?'

आणि लगेच खाली, त्याच ठशात: 'येताना प्रत्येकाने आपापली खुर्ची आणावी.'

"खुर्ची कशाला?" गुनवूरने विचारलं.

"नाचाच्या कार्यक्रमाची सूचना आहे ती! वरच्याला चिकटलीय."

"हं," गुनवूर म्हणाली. मग तिने पावाला लावायला काढलेल्या स्ट्रॉबेरी जॅमच्या बरणीचं झाकण हळूच परत लावलं आणि बरणी कपाटात ठेवून दिली.

आल्वारने पत्रिकेचं काम बघणाऱ्या मायलिसला फोन लावला. मायलिस चर्चच्या कचेरीत टायपिंग करायची आणि कात्री, गोंद नि पानांच्या जागेवर तिचं एकटीचं राज्य होतं.

"जागा नव्हती मास्तर," ती म्हणाली. "कापावं लागलं."

"अगं, पण कुठं कापलंस! मुद्दा तर पुढे होता!"

"तुमचा मुद्दा नेहमीच पुढे असतो. लोक तिथवर जात नाहीत. उरलेलं ऑगस्टच्या अंकात टाकते, जुलैत आपली सुट्टी."

सोमवारी सकाळी आल्वार दूध आणायला सिगवार्डच्या दुकानात गेला. दुकानात चार जण बोलत होते, ते त्याला बघून गप्प झाले. मग सिगवार्ड गल्ल्यामागून बाहेर आला. या माणसाला शाळेत आल्वारने तीन वर्षं व्याकरण शिकवलं होतं आणि तिन्ही वर्षं ते फुकट गेलं होतं.

"मास्तर, वाचला तुमचा लेख."

"वाचलास?"

"दोनदा. रात्री बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. तिला झोप नाही लागली." सिगवार्डने आवाज खाली आणला. "कोण आहे हो तो?"

आल्वारला तिथंच सांगता आलं असतं. 'अरे, ढेकूळ आहे ते,' एवढे चारच शब्द. पण चार माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती. अकरा वर्षांत त्याच्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं. त्याआधी शाळेतल्या सदतीस वर्षांतही नाही. त्याने दुधाची बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"शब्द फार खोल जातात, सिगवार्ड," तो म्हणाला. "फार खोल."

कुणीतरी श्वास आत ओढला. आल्वार घरी आला तो रस्त्याच्या मधोमध चालत.

दुपारी एलोफ काठी टेकत त्याच्याकडे आला. एलोफ एक्क्याण्णव वर्षांचा, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. कॉफीचे दोन कप झाल्याशिवाय तो कशासाठी आला ते सांगायचा नाही. दुसरा कप संपवून तो म्हणाला, "तू लिहिलंयस ते मला ठाऊक होतं. पण लिहायचं धाडस नाही झालं कुणाचं."

"काय ठाऊक होतं?"

"इंगेमूचं खालचं शेत, स्ट्रॉबेरीचं. ओढ्याकडचं. मी पाच वर्षांचा असेन. एक फेरीवाला यायचा, सुया-दोरे विकायला. एका सकाळी धुक्यात त्या शेतात शिरताना आजीनं त्याला बघितला. पलीकडून बाहेर पडताना कुणीच नाही बघितला."

"ओढ्याच्या वाटेनं गेला असेल."

"असेल," एलोफ म्हणाला. "म्हातारा होता पण."

संध्याकाळपर्यंत ही फेरीवाल्याची गोष्ट गावभर झाली. फेरीवाल्याला आता पांढरी दाढी होती, आणि कुणाच्या तरी मावशीने त्याला वाफ्यांच्या मधे गुडघ्यांवर बसलेला बघितलेला होता. पाठमोरा.

मंगळवारी इंगेमूच्या शेतावर तोडणीला कोणी आलं नाही.

इंगेमू हीदेखील आल्वारची विद्यार्थिनी. आता अठ्ठावन्न वर्षांची. तिचा नवरा फोल्के फेब्रुवारीत गेला होता आणि हा तिचा एकटीचा पहिला हंगाम होता. गावातल्या सात बाया दर जूनला तिच्याकडे तोडणीला यायच्या. त्या दिवशी सातही जणींचे निरोप आले: कुणाची कंबर, कुणाचा दात, कुणाची बहीण अचानक आजारी. इंगेमू दुपारी आल्वारच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पत्रिका. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं आल्वारला वाटलं.

"मास्तर, माझ्या शेतात कोण आहे?"

"कुणी नाही गं. कुणीच नाही. तो लेख अर्धा छापला गेलाय."

"कधी कळलं तुम्हाला?"

आल्वार दाराच्या कडीशी चाळा करायला लागला.

"रविवारी," आतून गुनवूर म्हणाली.

"शुक्रवारी सण," इंगेमू म्हणाली. "अख्खं गाव त्या दिवशी केकवर माझी फळं लावतं. लाल झालीत सगळी. दोन दिवस ऊन पडलं की सडायला लागतील. मी एकटी किती तोडणार? आज पहाटेपासून तीन ओळी झाल्या. चोवीस आहेत."

आल्वारने कोट चढवला आणि तडक सिगवार्डच्या दुकानात गेला. दार उघडताच तो मोठ्याने म्हणाला, "ऐका सगळे! इंगेमूच्या शेतात कुणीही पुरलेलं नाही!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"पुरलेलं?" सिगवार्ड हळूच म्हणाला. "पुरल्याचं तर कुणीच म्हटलं नव्हतं, मास्तर."

आल्वार घरी जाऊन शब्दकोशाचा जाडजूड खंड घेऊन परत आला. तो त्याने गल्ल्यावर आपटला, पान काढलं, बोट ठेवलं. "हे बघा. गुब्बे. जुना बोलीतला अर्थ: गोळा, ढेकूळ. म्हातारा नव्हे. ढेकूळ!"

लोक पुढे वाकले. सिगवार्डने ओळ वाचली, मग तिच्या खालची. "पण मास्तर, मग म्हाताऱ्याला गुब्बे का म्हणतात?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. पण शब्दांच्या बाबतीत आल्वारला खोटं बोलता येत नसे. "तो... बहुधा तोच शब्द आहे," तो म्हणाला. "आधी ढेकूळ. मग ढेकळासारखा दिसणारा, वाकलेला, गोळा झालेला माणूस. तसा म्हातारा झाला असावा, असं काही विद्वान म्हणतात."

"म्हणजे म्हातारा नि ढेकूळ एकच."

"शब्द एकच."

"म्हणजे," सिगवार्ड बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "इतकी वर्षं खाली राहून त्याचं आता ढेकूळ झालंय."

एका बाईने पिशवी उचलली आणि सामान न घेताच ती निघून गेली.

त्या संध्याकाळी गुनवूरने सणाच्या केकसाठी स्ट्रॉबेरीऐवजी अंगणातून आंबट रुबार्बचे देठ कापून आणले. "मी घाबरले नाहीये," ती म्हणाली. "माझं पोट बरं नाही, इतकंच."

बुधवारी सकाळी सहाला आल्वार स्वतःच बादली घेऊन इंगेमूच्या खालच्या शेतावर गेला. उजेड तर रात्रभर होताच. जूनमध्ये तिकडे अंधार पडायचं विसरून जातो. पण तो उजेड कुठून येतो ते कळत नव्हतं. ओढ्यावरून धुकं चढलं होतं आणि पाखरं येऊ नयेत म्हणून वाफ्यांवर पसरलेली पांढरी जाळी त्या धुक्यात लांबवर गेली होती. वारा नव्हता. तरी जाळी मधूनच किंचित वर यायची आणि खाली बसायची. वर यायची, खाली बसायची.

"दव," आल्वार मोठ्याने म्हणाला. "दवाच्या वजनानं होतं तसं." आपला आवाज त्याला ओळखीचा वाटला नाही.

न तोडलेल्या पहिल्या ओळीत तो गुडघ्यांवर बसला. पाच-सहा फळं तोडली असतील. कुठून तरी कोणी बघत असल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने मान वर केली. चार ओळी पलीकडे जाळीखाली उंचवटा होता. माणसाएवढा. तो मघाशी होता की नव्हता, हे त्याला आठवेना. बघता बघता उंचवटा हलला. थांबला. पुन्हा हलला.

शहात्तर वर्षांच्या आल्वारने बादली छातीशी धरली. शाळेत पोरं गोंधळ घालायला लागली की तो जो प्रश्न विचारायचा, तोच त्याच्या तोंडून निघाला: "कोण आहे तिकडे? उभं राहायचं!"

उंचवटा उभा राहिला. जाळी बाजूला झाली. आतून इंगेमू निघाली. एका गालाला आणि कानाला ओली माती लागलेली.

"मीच आहे, मास्तर. ओरडताय काय."

"तू... खाली काय करत होतीस?"

इंगेमूने हाताच्या पाठीने कान पुसला. "ऐकत होते."

"तूसुद्धा?"

"फोल्केला जाऊन चार महिने झाले. घरात इतकं शांत असतं, की घड्याळ मी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलंय. आणि सगळं गाव म्हणतंय, मातीत कोणीतरी आहे." तिने हातावरची माती झटकली. "तुम्ही नसतं ऐकलं कान लावून?"

आल्वारने बादली बाजूला सारली. मग तो म्हणाला, "चूक माझी आहे, इंगेमू. सोमवारीच सांगायला हवं होतं. लोक वाचतायत म्हटल्यावर मला मोह झाला."

"माहितेय. रस्त्याच्या मधून चालत होतात म्हणे." तिला किंचित हसू आलं. मग तिने शेताकडे बघितलं, त्या सगळ्या लाल ओळींकडे. "तुम्ही आता काहीही सांगितलंत तरी ते नाही ऐकणार. सांगून भीती जात नाही. बघायलाच हवं त्यांना."

"काय बघायला?"

"खाली काय आहे ते."

त्याच दिवशी दुपारी सिगवार्डच्या दुकानाच्या दारावर इंगेमूच्या अक्षरातला कागद लागला: 'उद्या, गुरुवारी सकाळी सात वाजता मी खालचं शेत खणणार आहे. ज्याला बघायचंय त्याने यावं. फावडं आणावं.'

सातला धुकं तसंच होतं. आल्वारने मोजली, तर अडतीस माणसं आली होती. मायलिसही होती. एलोफला कोणीतरी हातगाडीत बसवून आणला होता. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. फावडी खांद्यावर, नजर वाफ्यांवर.

इंगेमू समोर उभी राहिली. "बरं झालं आलात. पण पिकल्या फळांवरून चालत मी कुणाला खणू देणार नाही. आधी ओळी मोकळ्या करा. टोपल्या तिकडे आहेत."

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"म्हणजे हात घालायचा?" सिगवार्ड म्हणाला. "तिथं?"

"मग खणायचं नाही का?"

आता अडतीस माणसं एवढ्या सकाळी उठून, फावडी घेऊन आली होती. काही न बघता घरी जायचं म्हणजे वाईटच. पहिल्यांदा मायलिस वाकली. मग त्या सात बाया, कंबर-दातासकट. मग सगळेच. जाळी मागे सारली आणि पांढऱ्या धुक्यात अडतीस पाठी वाकल्या. कुणी बोलत नव्हतं. फक्त देठ तुटल्याचे बारीक आवाज यायचे, टुक, टुक, कधी उजवीकडून, कधी मागून. इतर ओळींत नुसत्या पाठी दिसायच्या, कोण कुठली ते ओळखू येत नव्हतं आणि विचारायचीही सोय नव्हती. कारण उत्तर नाही आलं तर?

नऊच्या सुमारास आल्वारला एक वेगळा आवाज आला. चावल्याचा. सिगवार्ड तोडता तोडता खात होता. आपण काय करतोय ते लक्षात येऊन तो जागच्या जागी गोठला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले, त्याला काय होतं ते बघायला.

"कशी आहे?" एलोफने हातगाडीतून विचारलं.

सिगवार्डने गिळलं. "गोड," तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "गेल्या वर्षीपेक्षा गोड."

त्यानंतर चावल्याचे आवाज बऱ्याच ठिकाणांहून यायला लागले.

दहाला ओळी मोकळ्या झाल्या. इंगेमूने बोट दाखवलं, तिथं शेताच्या मधोमध खड्डा सुरू झाला. पहिली वीतभर माती सैल होती. मग चिकण. मग फावडं कशाला तरी लागलं, ठप्प. सगळे दोन पावलं मागे सरले. सिगवार्डने वाकून हात आत घातला आणि वर काढला, तेव्हा त्याच्या तळव्यावर एक करडं, गोल, डोक्याएवढं काहीतरी होतं. त्यात दोन खळगे. एक बाई किंचाळली. सिगवार्डने दचकून हात मागे घेतला, ते निसटलं, फावड्यावर पडलं आणि फुटलं.

चिकणमाती होती. आतूनबाहेरून नुसती माती.

"ढेकूळ," आल्वार म्हणाला.

त्यांनी कंबरेइतकं खणलं. ढेकळांखेरीज काही निघालं नाही. एलोफने आणखी दोन जागा सुचवल्या, पण आता लोकांना भूक लागली होती. माणसं थोडी हिरमुसली होती. फेरीवाला कुठंतरी दुसऱ्या गावी, दुसऱ्या शेतात असणार, असं ठरलं. जाताना प्रत्येकाने केकसाठी दोन-दोन टोपल्या नेल्या, मायलिसने चार. तिला आल्वार म्हणाला, "ऑगस्टमध्ये उरलेला लेख टाकशील ना?"

"आता कशाला? शेवट सगळ्यांनी बघितला की."

शेतात इंगेमू आणि आल्वार दोघेच उरले. खड्डा बुजवून झाला. धुकं पातळ व्हायला लागलं होतं. उरलेल्या टोपल्या गाडीत चढवताना इंगेमू थबकली.

"शेवटची ओळ राहिलीच की. ओढ्याकडची."

"तिकडे कुणी गेलं नाही," आल्वार म्हणाला. "मी बघत होतो. तेविसाव्या ओळीपाशी सगळे परत फिरले."

दोघं तिकडे चालत गेले. चोविसाव्या ओळीवरची जाळी नीट घडी करून बांधावर ठेवलेली होती. ओळ मोकळी होती. एकही लाल फळ शिल्लक नव्हतं. हिरवी तेवढी राखलेली होती. ओळीच्या टोकाशी पाच टोपल्या होत्या, काठोकाठ भरलेल्या, सगळ्या फळांचे देठ एका दिशेला.

"तू पहाटे तोडलीस?" आल्वारने विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"माझी ओळ सहावी होती."

इंगेमूने वाकून एक फळ उचललं, देठ बघितला. बराच वेळ बघितला. "फोल्के नव्हे," ती शेवटी म्हणाली. "फोल्केनं जन्मात कधी देठ सरळ ठेवले नाहीत." तिच्या आवाजात वाईट वाटल्याचा सूर होता, आणि थोडा सुटल्याचाही.

मग तिने चार टोपल्या उचलून आल्वारच्या हातात दिल्या. पाचवी उचलली, मातीवर जरा सपाट जागा बघून तिथं परत ठेवली आणि वर एक मोठं पान झाकलं.

"हे काय?"

"माझ्या शेतावर राबलेलं माणूस मी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही."

ती वळली आणि चालायला लागली. दहा पावलांवर थांबून, मागे न बघता, कुणा गड्याला सांगावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "आजोबा, ऑगस्टच्या शेवटी बटाटे काढायचेत. मोकळे असलात तर या."

जाळीची घडी वाऱ्याशिवाय किंचित वर आली आणि खाली बसली.

आल्वारचे दोन्ही हात टोपल्यांत अडकले होते. नाहीतर त्याने टोपी काढली असती. मग त्याने नुसतीच मान लववली, आणि सगळी फळं सांभाळत तो इंगेमूच्या मागोमाग, तिच्यापेक्षा पुष्कळच लवकर, घराशी पोचला.